गाडी नेमकी वाजते कुठे?

आर्वी नाक्यावरून निघाल्यापासून चेन कव्हरच्या आसपास कुठेतरी 'कट् कट्' सुरू असते. सेवाग्रामच्या रस्त्याला ती जरा वाढते, स्पीडब्रेकरवर जोरात येते, आणि गॅरेजच्या दारात गाडी उभी केली की गप्प. मिस्त्री दोनदा रेस करतो, कान लावतो आणि म्हणतो, "काही नाही भाऊ, चालू द्या." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभराने दुसऱ्या गॅरेजात सांगतात, "टायमिंग चेन गेली, इंजिन खोलावं लागते." हजारांत खर्च होतो. इंजिन बसवून गाडी पहिल्या खड्ड्यात गेली की तीच 'कट् कट्' परत ऐकू येते, कारण आवाज इंजिनचा नव्हताच. चेन कव्हरचा एक बोल्ट सैल होता.

अशी गोष्ट जवळपास प्रत्येक गाडीवाल्याकडे असते. त्यात दोष मिस्त्रीच्या कानाचा नसतो आणि गाडीवाल्याच्या नशिबाचाही नसतो. आवाज कशाला बांधलेला आहे हे ठरवण्याआधीच पाना हातात घेतला जातो, तिथे सगळे बिनसते. क्रम ठरवून गेले तर बहुतेक आवाज घरच्या अंगणात, गाडीसोबत आलेल्या पाना-पेचकसाने सापडतात. उरलेल्यांसाठी मिस्त्रीकडे जाताना निदान अर्धे काम झालेले असते.

वर्धा जिल्ह्यात या क्रमाची गरज जास्तच आहे. एमएच-३२ची गाडी एकाच दिवसात सिमेंटचा रस्ता, उखडलेले डांबर, मुरूम आणि काळ्या मातीची पांदण असे सगळे पाहते. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी फवारणीचा पंप, संध्याकाळी घरची तीन माणसे. त्या हादऱ्यांनी नट-बोल्ट सैल होतात, धूळ ब्रेकच्या ड्रममध्ये शिरते, चेन कोरडी पडते. यातले काहीही इंजिनात घडत नाही, पण ऐकताना मात्र सगळे इंजिनातून आल्यासारखे वाटते.

कान फसतो तो का

मोटारसायकलची चासी, इंजिन, टाकी, मडगार्ड हे सगळे बोल्टांनी एकमेकांना घट्ट धरलेले असते. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पोलादातून सुमारे पाच हजार मीटर. त्यामुळे मागच्या चाकाजवळची ठकठक चासीतून धावत पेट्रोलच्या टाकीपर्यंत येते, आणि टाकी पातळ पत्र्याची व आतून पोकळ असल्याने तिला घुमवते. चालवणाऱ्याचे डोके टाकीच्या वर असते. साहजिकच त्याला वाटते, इंजिनच वाजते आहे. हेल्मेट घातले की काही आवाज दबतात, काही वेगळेच वाटू लागतात.

म्हणून 'कुठून येतो' याआधी 'कधी येतो' हे विचारावे. जुने जाणते मिस्त्री हेच करतात. गाडीवाला म्हणतो, "भाऊ, गाडी खडखड वाजून राहिली." मिस्त्री गाडीकडे न पाहता आधी विचारतो, "कवा वाजते?" या 'कवा'चे नीट उत्तर आधीच तयार असले तर शोध निम्म्यावर येतो.

उत्तर तयार करायला एका कागदावर एवढे टिपून घ्यावे. आवाज गाडी उभी असताना येतो की चालताना? सकाळी थंड इंजिनवर की पाच-सात किलोमीटरनंतर? रेस वाढवली की वाढतो, की गाडीचा वेग वाढला की वाढतो? क्लच दाबल्यावर बदलतो का? ब्रेक लावल्यावर येतो की ब्रेक लावल्यावर थांबतो? खड्ड्यात येतो, वळणावर येतो, मागे माणूस बसल्यावर येतो? आणि सुरू कधीपासून झाला: सर्व्हिसिंगनंतर, पंक्चर काढल्यानंतर, गाडी पडल्यानंतर, की आपोआप? शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. पंक्चरनंतर लगेच सुरू झालेला आवाज मागच्या चाकाच्या आसपासच शोधायचा असतो. अ‍ॅक्सलचा नट, चेनचे अ‍ॅडजस्टर, ब्रेक रॉड आणि टॉर्क आर्म हे भाग पंक्चरवाल्याने काढून पुन्हा बसवलेले असतात.

इंजिन, चाक की अंग

मोटारसायकलमधला कोणताही आवाज या तीन घरांपैकी एका घरचा असतो. त्याचे घर ठरवायला तीन चाचण्या पुरतात.

पहिली चाचणी उभ्या गाडीवर. मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल ठेवा, इंजिन सुरू करून हळूहळू रेस वाढवा. आवाज इथेच आला तर तो इंजिनचा, क्लचचा, सायलेन्सरचा किंवा इंजिनच्या थरथराटाने वाजणाऱ्या एखाद्या पत्र्याचा. हे काम उघड्यावरच करावे. गोठ्यात किंवा बंद खोलीत इंजिन सुरू ठेवले तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो.

दुसरी चाचणी चालत्या गाडीवर. गावाजवळचा सपाट, मोकळा रस्ता आणि सकाळची वेळ निवडावी. नागपूर-तुळजापूर महामार्गावर भरधाव ट्रक असतात, आणि समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला परवानगीच नाही. ताशी ४० किलोमीटरचा वेग घेऊन रेस सोडा आणि क्लच पूर्ण दाबा. इंजिन आयडलवर येते, चाके मात्र त्याच वेगाने फिरत राहतात. आवाज तसाच चालू राहिला तर तो चाक, बेअरिंग, ब्रेक, टायर किंवा चेनचा. रेससोबत खाली आला तर इंजिनच्या बाजूचा. खात्री करायची असेल तर त्याच वेगाने एकदा तिसऱ्या आणि एकदा चौथ्या गिअरमध्ये चालवून पाहावे. ताल बदलला नाही तर चाक, बदलला तर इंजिन.

तिसरी चाचणी अगदी सोपी, इंजिन बंद ठेवून करायची. गाडी जमिनीवर उभी करून पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडल पुढे-मागे ढकला. मग सीटवर दोन्ही हातांनी भार देऊन मागचा भाग खाली-वर करा. इथे आवाज आला तर तो अंगाचा: कोनसेट, पुढचे फोर्क, मागचे शॉकअप, स्विंग आर्मचे बुश किंवा एखादा सैल बोल्ट.

तालाची आणखी एक खूण आहे. १८ इंची चाकाचा घेर टायरसकट साधारण १.९ मीटर भरतो. म्हणजे ताशी २० किलोमीटरला चाक सेकंदाला तीन फेऱ्या मारते. या वेगाला सेकंदाला तीनदा 'टक्' येत असेल तर चाकाच्या प्रत्येक फेरीला काहीतरी लागते आहे: टायरमध्ये रुतलेला खिळा, वाकडी रिम, नाहीतर एका जागी उंचावलेला ब्रेक ड्रम. इंजिनचे आवाज असे मोजता येत नाहीत. आयडलला १४०० फेऱ्यांवर चालणारे इंजिन सेकंदाला २३ वेळा फिरते, आणि फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह त्याच्या निम्म्या गतीने हलतात.

आधी गाडी मोकळी करावी

घर ठरले तरी लगेच पाना उचलू नये. आधी गाडीवर लादलेले सगळे उतरवावे. दुधाच्या कॅनची कडी, कॅरिअरच्या सळ्या, डिक्कीतली किल्ल्यांची जुडी, साइड बॉक्समधले सुटे पाने, हँडलला लटकवलेली पिशवी. मग किल्लीला अडकवलेला जुडगा काढून फक्त एकच किल्ली लावून चालवून पाहावे. हँडलजवळची बारीक किणकिण एवढ्यानेच थांबल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

त्यानंतर हाताने दाबत एक फेरी मारावी. नंबर प्लेट, मागचा मडगार्ड, साडी गार्ड, चेन कव्हर, साइड पॅनल, हेडलाइटचा डोम, टाकीखालचे रबर, फूट रेस्ट, लेग गार्ड, सायलेन्सरवरचा पत्रा. इंजिन आयडलला ठेवून यातला एकेक भाग हाताने धरावा. धरल्यावर आवाज थांबला तर चोर सापडला. सायलेन्सर आणि त्याचा पत्रा तापलेला असतो, तिथे हात न लावता लाकडाच्या दांडीने दाबावे. साइड स्टँडची आणि मेन स्टँडची स्प्रिंग सैल पडली असेल तर खड्ड्यात स्टँड खाली-वर आपटते. तो आवाज हुबेहूब चेनचा वाटतो. स्टँडला रबराच्या पट्टीने वर बांधून दोन किलोमीटर चालवले की सोक्षमोक्ष लागतो.

इथे एक नियम कटाक्षाने पाळावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गाडी चालवून पाहायची. चार बोल्ट आवळून, चेन ताणून, ऑइल बदलून एकदम निघाले तर आवाज थांबल्यावरही तो कशाने थांबला ते कळत नाही. पुढच्या वेळी शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

चेन: सर्वांत जास्त आवाज, सर्वांत कमी लक्ष

चालत्या गाडीतली 'खळखळ' आणि 'कट् कट्' बहुतेक वेळा चेनकडे बोट दाखवते. स्प्लेंडर, प्लॅटिनासारख्या गाड्यांत चेन पूर्ण कव्हरमध्ये असते. त्यामुळे धूळ कमी बसते, पण चेन सैल झालेली डोळ्यांना दिसतही नाही. कव्हरच्या खालच्या बाजूला रबराचे एक बूच असते. ते काढून बोटाने चेन खाली-वर करून पाहता येते. १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांत खालच्या बाजूच्या मध्यावर २० ते ३० मिलिमीटर ढिलाई चालते. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

ढिलाई एका जागी मोजून थांबू नये, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या, किल्ली बंद, गिअर न्यूट्रल. मागचे चाक हाताने सावकाश फिरवत दर पाव फेरीला चेन दाबून पाहा. एका जागी सैल आणि दुसरीकडे ताठ लागत असेल तर चेन-स्प्रॉकेट झिजले. अशी चेन सैल जागेवर ताणली तर ताठ जागेवर ती बेअरिंगांना ओढते आणि नवाच घुमणारा आवाज सुरू होतो. म्हणून माप नेहमी सर्वांत ताठ जागेवर घ्यायचे.

आता ताल मोजायचा. समजा मागच्या स्प्रॉकेटला ४२ दात आहेत आणि चेनला ११० कड्या. चाक एक फेरी मारते तेव्हा ४२ कड्या पुढे सरकतात. म्हणजे एकच कडी पुन्हा त्याच जागी यायला चाकाच्या अडीच फेऱ्यांहून थोडे जास्त लागते. चाकावर खडूने एक खूण करून चाक फिरवत राहा. 'कट्' दर फेरीला येत असेल तर दोष चाकात, ड्रममध्ये किंवा मागच्या स्प्रॉकेटच्या एखाद्या दातात. दर अडीच फेऱ्यांनी येत असेल तर चेनची एक कडी अडकली आहे. गंजून ताठ झालेली अशी कडी स्प्रॉकेटवरून निघताना सरळ होत नाही. चेन खालून पाहिली की तेवढीच कोपरासारखी वाकलेली दिसते. केरोसीनने स्वच्छ करून, ऑइल सोडून, दोन्ही हातांत धरून ती डावी-उजवीकडे मोकळी करता येते. नाही झाली तर चेन बदलणे उत्तम.

चेन किती झिजली हे पाहायला मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढावी. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर दिवस भरले. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावेत, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. जोडकडीची क्लिप असेल तर तिचे बंद टोक चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला हवे. चेनला जळके ऑइल लावण्याची सवय गावोगाव आहे. त्यात इंजिनच्या झिजेचे धातूचे बारीक कण असतात, ते चेनलाच घासतात. स्वच्छ गिअर ऑइल वापरावे आणि ते चेनच्या आतल्या बाजूने सोडावे.

इंजिन सुरू ठेवून, गिअर टाकून चेन पुसायची नाही. फडके ओढले जाते आणि त्यासोबत बोटे. उन्हाळ्यात डोक्याला बांधलेला दुपट्टाही आधी काढून ठेवावा.

चाक, ब्रेक, कोनसेट

चाकाचे बेअरिंग खराब झाले की 'घूंऽऽ' असा घुमणारा आवाज येतो, वेगासोबत चढतो आणि क्लच दाबल्यावर बदलत नाही. चाक जमिनीपासून उचलून वर-खाली दोन्ही हातांनी धरा आणि आलटून पालटून ढकला. जराही खेळ लागला तर बेअरिंग बदलायचे, यात चालढकल नको. नाल्यातून किंवा पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत हे बेअरिंग आतून गंजते आणि महिन्याभराने बोलू लागते.

पुढच्या चाकाजवळची 'किर्र' किंवा 'टिकटिक' पुष्कळदा स्पीडोमीटरच्या केबलची असते. ज्या गाड्यांत अजून तारेची केबल आहे त्यांत ती चाकाकडून सोडून थोडे अंतर चालवावे. आवाज थांबला तर केबल कोरडी पडली आहे. ती बाहेर काढून ग्रीस लावणे हे दहा मिनिटांचे काम.

ब्रेक लावतानाच येणारी 'चीं' ड्रममध्ये साचलेल्या धुळीची किंवा गुळगुळीत झालेल्या ब्रेक शूची असते. ड्रम उघडून ओल्या फडक्याने पुसावा. तोंडाने फुंकू नये, ती धूळ फुप्फुसाला घातक असते. शूचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने हलका घासावा. शूवर तेलाचा थेंबही पडू देऊ नये. बऱ्याच गाड्यांत मागच्या ब्रेक प्लेटवर बाण आणि खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत आला तर शू संपले. डिस्क ब्रेकमधून धातूवर धातू घासल्याचा आवाज येत असेल तर पॅड संपून डिस्क खरवडली जात आहे, त्याच दिवशी पॅड बदलावेत.

ब्रेक लावताच हँडलपाशी एकदाच 'ठक्' लागते ती कोनसेटची. पुढचे चाक उचलून फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे हलवली की खेळ हाताला जाणवतो. रेस सोडताना आणि पुन्हा देताना मागून 'धप्' लागत असेल तर मागच्या हबातले रबर दबले आहेत. त्यासाठी इंजिन उघडण्याचा सल्ला कोणी दिला तर आधी ते रबर पाहायला सांगावे.

इंजिनकडे वळताना

पहिले काम ऑइल पाहण्याचे. गाडी सपाट जागेवर सरळ उभी करून मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे पातळी तपासावी. ऑइल कमी असेल किंवा जळून पातळ झाले असेल तर प्रत्येक भाग वाजतो, आणि ऑइल न पाहता केलेले निदान हमखास चुकते. कारचे ऑइल मोटारसायकलमध्ये टाकू नये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या काही घटकांनी तो घसरतो. डब्यावर 'जासो एमए' ही खूण पाहावी.

गाडीचे इंजिन कोणत्या जातीचे आहे तेही माहीत हवे. जुनी राजदूत किंवा येझदी टू-स्ट्रोक होती, तिच्यात व्हॉल्व्हच नसल्याने टॅपेटचा आवाज शक्य नाही. जुन्या बुलेटमध्ये लांब पुशरॉड असतात. १९८५ची हीरो होंडा सीडी १०० आणि १९९४ची स्प्लेंडर यांच्यापासून घरोघरी पोहोचलेल्या इंजिनांत कॅमशाफ्ट वर, हेडमध्ये असतो आणि तो टायमिंग चेनने फिरतो. भारतीय दुचाकीच्या इतिहासात वर्ध्याचेही नाव आहे. जमनालाल बजाज यांची कर्मभूमी वर्धा, आणि त्यांच्या घराण्याने २९ नोव्हेंबर १९४५ रोजी सुरू केलेली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन पुढे बजाज ऑटो झाली. या कंपनीने २००१ साली पल्सर आणली आणि पुढे तिच्या इंजिनात दोन स्पार्क प्लग दिले. प्लग सैल झाला की 'फुस् फुस्' आवाज येतो. दोन प्लगच्या इंजिनात तो दोन ठिकाणी पाहावा लागतो, एवढे ध्यानात ठेवावे.

आवाजाची जागा पकडायला लांब पेचकस वापरावा. त्याचे टोक इंजिनच्या एका बोल्टवर टेकवायचे आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडाला लावायची. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉक्टर छातीवर स्टेथोस्कोप सरकवत जातो, तसा हा पेचकस हेड, सिलिंडर, मॅग्नेटचे कव्हर आणि क्लचचे कव्हर अशा क्रमाने सरकवावा. जिथे आवाज सर्वांत स्पष्ट, त्याच्या जवळ मूळ. पेचकस चेनपासून आणि फिरत्या भागांपासून लांब ठेवावा.

सर्वांत जास्त गल्लत होते ती टॅपेट आणि बेंड पाइप यांची. दोन्हीकडून 'टिक टिक' येते, दोन्ही रेससोबत वाढतात, दोन्ही हेडजवळ वाजतात. फरक असा करावा. सकाळी थंड इंजिन सुरू होताच बेंड पाइप जिथे हेडला जोडलेला असतो तिथे साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे उठले किंवा जोडाभोवती काजळीचा काळा फराटा दिसला तर पॅकिंग गळते आहे. इंजिन थंड झाल्यावर नवे पॅकिंग टाकून दोन्ही नट सारखे आवळले की काम झाले. रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून 'फट फट' येणे हीसुद्धा त्याचीच खूण असू शकते. तिथे काही नसेल आणि पेचकसातून व्हॉल्व्हच्या झाकणावर कोरडी, नियमित टकटक येत असेल तर टॅपेट.

टॅपेटची फट थंड इंजिनवर, फिलर गेजनेच मोजायची. छोट्या गाड्यांत ती साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते. पण आवाज नको म्हणून टॅपेट एकदम आवळून घेणे महागात पडते. फट उरली नाही तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. हलकी टकटक करणारे टॅपेट त्यापेक्षा बरे.

सिलिंडरच्या बाजूने साखळी ओढल्यासारखी 'खरखर' टायमिंग चेनची. आधी तिचा टेन्शनर तपासावा, चेन नंतर. सकाळी येणारी आणि गाडी तापल्यावर कमी होणारी मंद 'टप टप' पिस्टनची असू शकते. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन बीडाच्या सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो आणि फट भरून काढतो. न्यूट्रलमध्ये येणारा आणि क्लच दाबताच थांबणारा आवाज क्लच हाउसिंगचा किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा. क्लच दाबल्यावरच सुरू होणारा आवाज क्लच सोडवणाऱ्या छोट्या बेअरिंगचा.

आणखी एक आवाज फक्त ओझ्यावर येतो. आर्वी-कारंजाकडच्या चढावर, मागे पोते किंवा माणूस, गिअर चौथा आणि गाडी हळू. अशा वेळी इंजिनमधून 'टिंग टिंग' ऐकू येते. पेट्रोल वेळेआधी भडकल्याची ती खूण. गिअर खाली घेतला की थांबते. खाली घेऊनही थांबत नसेल तर हेडमध्ये साचलेला कार्बन, चुकीचा प्लग किंवा भेसळीचे पेट्रोल यांचा विचार करावा. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा हा त्रास वाढतो.

सायलेन्सरची जाळी काढून टाकलेल्या गाडीत मात्र यातले काहीच ऐकू येत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली त्यासाठी १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ऋतूप्रमाणे बदलणारे आवाज

पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये थापली जाते. वाळली की ती टायरला घासून 'खरर' असा आवाज करते. काडीने माती काढली की प्रश्न मिटतो, पण तशीच गाडी दामटली तर चाक अडकते. कपाशीच्या हंगामात शेतातून आलेल्या गाडीच्या चेन कव्हरमध्ये आणि ब्रेकच्या दांड्यांमध्ये पऱ्हाटीच्या काड्या अडकतात. उन्हाळ्यात रबराचे बुश कडक होतात आणि 'कुरकुर' लागते. त्यावर पाणी ओतून पाहावे. तेवढ्यापुरती थांबली तर रबरच बोलते आहे.

घाबरू नये असे आवाज

गाडी बंद केल्यावर सायलेन्सरमधून येणारी 'टिक टिक' थंड होणाऱ्या धातूची. एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ गाड्यांत किल्ली फिरवताच दोन-तीन सेकंद 'झूंऽ' असा आवाज येतो तो बहुतेक गाड्यांत इंधन पंपाचा. गाडी धुतल्यावर पहिल्या दोन-चार ब्रेकांना होणारी चिरचिर आपोआप जाते. सिमेंट रस्त्यावर ठरावीक अंतराने येणारी 'थप थप' रस्त्याच्या सांध्यांची. डांबरी रस्त्यावर आल्यावर ती थांबली की समजावे, गाडी ठीक आहे.

जागीच थांबावे असे आवाज

इंजिनच्या पोटातून येणारी जड 'ठक ठक', जी रेस देताना वाढते, ती कनेक्टिंग रॉडची असू शकते. चाकाजवळ अचानक सुरू झालेली घरघर आणि सोबत हँडलचा थरथराट. चेनमधून 'तडाक्' असा आवाज येऊन गाडीला बसलेला झटका. ब्रेक लावताना धातू घासल्याचा आवाज. यांपैकी काहीही झाले तर गाडी बाजूला घेऊन बंद करावी आणि टेम्पोत टाकून न्यावी. कनेक्टिंग रॉडचा आवाज घेऊन आणखी काही किलोमीटर चालवले तर क्रँक, केसिंग सगळेच जाऊ शकते. चेन तुटून चाकात अडकली तर माणूस जातो.

मिस्त्रीकडे जाताना

टिपून ठेवलेला कागद सोबत न्यावा. आवाज सकाळीच येत असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावा. फोन इंजिनपासून हातभर लांब धरला की आवाज फाटत नाही. चालत्या गाडीचा आवाज मागे बसलेल्या माणसाने रेकॉर्ड करावा, चालवणाऱ्याने नाही. शक्य असेल तर गाडी आदल्या रात्री गॅरेजात ठेवावी, म्हणजे मिस्त्रीला थंड इंजिन ऐकता येते. एकदा त्यालाच गाडी चालवायला द्यावी आणि आपण मागे बसून 'हा आवाज' असे बरोबर त्या क्षणी दाखवावे.

इंजिन खोलावे लागेल असे सांगितले गेले तर दोन गोष्टी आधी विचाराव्यात: आवाज क्लच दाबल्यावर बदलतो का ते पाहिले का, आणि पेचकस लावून जागा पकडली का. चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही, उलट मोकळेपणाने दाखवतो. कामाआधी अंदाजे खर्च लिहून घ्यावा, बदललेले जुने भाग परत मागावेत. गाडी ताब्यात घेताना ज्या रस्त्यावर, ज्या वेगाला आणि जेवढ्या ओझ्यावर आवाज येत होता, तशीच एक फेरी मारून मगच पैसे द्यावेत. पाच-सहाशे किलोमीटरनंतर चेनची ढिलाई, अ‍ॅक्सलचा नट आणि ऑइलची पातळी पुन्हा एकदा पाहावी.